लाल घोडा पळाला

१

डबा गेल्याची बातमी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात भूगोलबाईंच्या तोंडात होते.

भूगोलबाईंची मागची दाढ तुटली होती. ती कशी तुटली हे विचारल्यावर त्या नुसतं “आपोआप” म्हणाल्या होत्या. डॉक्टरीणबाई आरसा लावून बघत होत्या, इतक्यात बाहेरच्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि दार ढकलून घड्याळजी आत शिरले. डोळ्यावरचं भिंग काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. एक डोळा नेहमीएवढा, दुसरा बशीएवढा.

“डॉक्टर, डबा गेला!”

“कुठला डबा?”

“कुठला म्हणजे? लाल घोड्याचा! उद्या परीक्षा, आणि आज डबा नाही!”

भूगोलबाई खुर्चीत ताडकन उठून बसायला गेल्या. “आँ आआँ?”

“त्या विचारताहेत, कोणी नेला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उघड्या तोंडांशी गप्पा मारून मारून त्यांना ही भाषा पाठ झाली होती.

“त्या कंपनीच्या साहेबानं! दुसरं कोण नेणार?”

लाल घोडा म्हणजे चॉकलेट. मेणकागदात गुंडाळलेली जाड वडी, कागदावर उधळलेला लाल घोडा, आणि आत करपवलेल्या साखरेचे खडे. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यावर वाढली होती. मग दीड वर्षापूर्वी कंपनीनं कागदावर छापलं, ‘आता आणखी मऊ!’ आणि आख्खं गाव रुसलं. घड्याळजींनी ‘जुना घोडा मंडळ’ काढलं, भूगोलबाई त्याच्या चिटणीस झाल्या, आणि कंपनीला पत्रांवर पत्रं गेली. शेवटी कंपनी कंटाळली. आमचा साहेब पाठवतो, म्हणाली. वाचनालयाच्या सभागृहात मंडळाच्या सभासदांनी डोळे मिटून जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते सांगायचं. ओळखलंत तर पुढचं बघू. चुकलात तर पत्रं बंद.

नवा माल साहेब आणणार होते. जुना होता फक्त घड्याळजींकडे. ‘आणखी मऊ’ची बातमी आली त्याच दिवशी त्यांनी बेकरीतला उरलेला सगळा जुना माल डब्यासकट उचलला होता. पण स्वतःच्या दुकानात ठेवायची त्यांची छाती झाली नाही. “माझा माझ्यावर विश्वास नाही,” असं म्हणून त्यांनी डबा धाकट्या बहिणीच्या हवाली केला. तिचं समोरच फुलांचं दुकान, आणि आत फुलांसाठी थंड खोली. तिथे डबा सुखरूप होता, आज सकाळपर्यंत.

डॉक्टरीणबाई या गावात नव्या. जुना लाल घोडा त्यांनी कधी चाखलाच नव्हता, म्हणून तर दोन्ही बाजूंनी त्यांना परीक्षेसाठी पंच नेमलं होतं.

“तुम्ही पंच आहात,” घड्याळजी म्हणाले. “चोरही तुम्हीच शोधा. माझं डोकं फिरलंय, मी उगाच कोणाच्या तरी अंगावर जाईन.”

“बरं. शोधते. पण पहिला प्रश्न मला याच तोंडाला विचारायचाय.” डॉक्टरीणबाईंनी आरसा खाली ठेवला. “भूगोलबाई, नवा घोडा लोण्यासारखा मऊ आहे. जुन्यात खडे असायचे, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग ऐन डबा गेला त्या दिवशी तुमची दाढ आपोआप कशी तुटली?”

भूगोलबाईंनी तोंड घट्ट मिटलं.

२

“माझ्यावर संशय?” घड्याळजी बाहेर गेल्यावर भूगोलबाई कशाबशा बोलल्या. “अहो, मी चिटणीस आहे!”

“म्हणून तर डबा कुठे होता ते तुम्हाला माहीत होतं.”

“टोस्ट खाल्ला,” त्यांनी मान खाली घातली. “बेकरीतला. तुम्ही कडक काही खाऊ नका म्हणून बजावलं होतंत ना. शाळेत आयुष्यभर पोरांना दटावलं, आणि आता तुमच्याकडून बोलणी खायची? म्हणून म्हटलं, आपोआप.”

“बरं, एक सांगा. तो जुना घोडा लागायचा कसा?”

भूगोलबाईंचा चेहराच बदलला. सुजलेल्या गालासकट त्या हसल्या. “वर्गात फळ्यावर नकाशा काढताना मी हळूच एक तुकडा तोंडात टाकायचे. पोरांकडे पाठ, कोणाला कळतंय? एकदा मोठ्या नदीच्या उगमापाशी आले आणि दाताखाली खडा आला. कडाड्! सगळा वर्ग चिडीचूप. मी म्हटलं, खडू मोडला. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, खडूला वास छान येतोय.”

तिथून डॉक्टरीणबाई बेकरीत गेल्या. बेकरीवाला हात पुसत पुढे आला आणि टोस्टचं नाव काढताच त्यानं बरणीतून एक टोस्ट काढून फळीवर आपटला. फळीला खोक पडली, टोस्ट शाबूत.

“भूगोलबाईंनी नेले होते काल. चहात बुडवून खा म्हणून सांगितलं होतं मी.”

भूगोलबाई सुटल्या. पण बेकरीवाल्याचा पारा चढलेलाच होता. मंडळानं नव्या घोड्यावर बहिष्कार टाकल्यापासून त्याची विक्री बसली होती.

“म्हणजे डबा गेला हे तुमच्या पथ्यावरच पडलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ते कसं? परीक्षा झाली नाही तर बहिष्कार तसाच राहणार. मला तर जुना घोडा परत हवाय, बाई! तो होता तेव्हा शाळा सुटली की इथे पाय ठेवायला जागा नसायची. आमचे वडील तराजूच्या वजनानं वडी फोडायचे. मी आतल्या खोलीत गाढ झोपलेला असलो तरी तो टक्क आवाज ऐकून उठून बसायचो. आईनं हाका मारल्या तर नाही उठायचो, हं.” तो हसला, मग इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “चोर शोधताय ना? मग ऐका. काल संध्याकाळी कंपनीचे साहेब फुलांच्या दुकानातून बाहेर पडले. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आणि चालणं असं, जपून जपून, की जणू काच नेताहेत.”

३

फुलांच्या दुकानासमोर फुटपाथवर बादल्यांची रांग लागली होती. गुलाब, लिली, निशिगंध. उन्हं वर आली होती आणि लिलीनं माना टाकल्या होत्या. फुलवाल्या बाई दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन त्यांच्यावर पाणी शिंपडत होत्या, आणि आत जाऊन डोळे टिपत होत्या.

“साहेब काल आले होते खरे,” त्या म्हणाल्या. “उद्याच्या टेबलासाठी फुलं सांगून गेले. आणि एक गुच्छ घेऊन गेले, खोलीत ठेवायला. म्हणाले, परगावी एकटं राहिलं की खोली खायला उठते. माणूस वाईट नाही हो. दादा उगाच त्यांच्या मागे लागलाय.”

“थंड खोलीला कुलूप?”

“नुसती कडी आहे. इथे फुलं कोण चोरतंय?”

डॉक्टरीणबाई आत गेल्या. यंत्र घुमत होतं. मांडणीवर ग्लॅडिओलसच्या काड्या आणि हिरव्या पानांच्या जुड्या होत्या, आणि कोपऱ्यात, डब्याच्या जागी, एक चौकोनी कोरडा डाग. बाकी खोली मोकळीच. त्या बाहेर आल्या तशी चष्म्याच्या काचांवर वाफ धरली.

“गुलाब, लिली बाहेर का काढलेत? उन्हात मरताहेत बिचारे.”

“आतलं यंत्र बिघडलंय. गार होत नाही नीट,” फुलवाल्या बाई घाईनं म्हणाल्या आणि पुन्हा पाण्याचं भांडं घेऊन बाहेर पळाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पदरानं चष्मा पुसला. “तुम्ही तर लहानपणापासून खाल्लेला. कसा लागायचा हो जुना घोडा?”

“मला नाही बाई आठवत.”

“हिला आठवत नाही?” रस्ता ओलांडून आलेले घड्याळजी मधेच म्हणाले. “ही झोपेतसुद्धा ओळखेल! आम्ही दोघं पावसाळ्यात माळ्यावर बसून खायचो. आई खालून ओरडायची, छपरावर उंदीर किती माजलेत! इतका आवाज!” बोलता बोलता ते खुदकन हसले, आणि मग आठवण होऊन पुन्हा तोंड पाडलं. “डॉक्टर, मी एक गाढवपणा केलाय. साहेबाला भर चौकात चोर म्हणालो.”

साहेब विश्रामगृहावर पेटी भरत होते. मध्यम वयाचे, हडकुळे, दुखावलेले. खिडकीत पाण्याच्या तांब्यात कालचा गुच्छ होता, त्याचा कागद शेजारीच घडी करून ठेवलेला.

“मी दुपारच्या गाडीनं निघतोय,” ते म्हणाले. “जुना माल नाही, तर परीक्षा कशाची? तक्रार निकालात निघाली असं मी कळवणार. आणि माझी झडती घ्यायची असेल तर घ्या.”

“झडती नको. एकच सांगा. तुम्ही लहानपणी लाल घोडा खाल्लाय?”

साहेब थांबले. हातातला सदरा पेटीत ठेवायचं विसरून त्यांनी तो मांडीवर घेतला. “आमच्या शाळेच्या वाटेवर मोठा चढ होता. सायकल हाणताना वडी दातांत नुसती धरायची. चढ संपेपर्यंत चावायची नाही, असं ठरलेलं. वर पोचलं, उतार लागला, की कडाड्! कानात वारा भणाणत असायचा, तरी तो आवाज त्याच्या वरताण.”

“मग खडे काढले कशाला?”

“नव्या यंत्राच्या नळ्या तुंबायच्या. मला कोणी विचारलं नाही.” त्यांनी सदरा पेटीत टाकला. “गाडीला वेळ आहे अजून. पण फार नाही.”

४

दवाखान्यात येऊन डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या, तीही रोग्याच्या. तिथे डोकं चांगलं चालतं असा त्यांचा अनुभव होता.

पाणी कुठंतरी मुरत होतं. चोराला डबा घेऊन मिळणार काय होतं? साहेबांना परीक्षा टाळायची असती तर ते आलेच नसते. बेकरीवाल्याला जुना घोडा हवाच होता. भूगोलबाईंना हवा असता तर त्या टोस्टवर दाढ कशाला तोडतील? आणि फुलवाल्या बाई म्हणत होत्या, यंत्र गार करत नाही. पण डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर तर बाहेर येताक्षणी वाफ धरली होती. खोली चांगली गारठलेली होती. मग बाई खोटं का बोलल्या? आणि रिकाम्या थंड खोलीत जागा असताना विकाऊ फुलं कोणी उन्हात मारतं का?

पोटात कावळे ओरडायला लागले. त्यांनी उठून औषधांचा फ्रीज उघडला. मागे कधीतरी भूगोलबाईंनी ‘हा बघा, नवा कसा बेचव आहे’ म्हणून दिलेली वडी तिथे तशीच पडून होती. त्यांनी मोठा घास घेतला.

आणि लगेच बेसिनकडे धावल्या. तोंडभर लवंग! वडीला लवंगेच्या तेलाचा असा काही वास लागला होता की जीभ बधिर व्हायची बाकी होती. फ्रीजमध्ये वडीच्या शेजारीच दातदुखीच्या तेलाची बाटली होती.

डॉक्टरीणबाई बेसिन धरून तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे फुटपाथ आला. बाहेर उन्हात कोण होतं? गुलाब, लिली, निशिगंध. आत गारव्यात कोण होतं? ग्लॅडिओलस आणि पानं. वासाची सगळी फुलं बाहेर, बिनवासाची आत!

एप्रन न काढताच त्या घड्याळांच्या दुकानात शिरल्या.

“चला. आत्ताच्या आत्ता.”

“चोर सापडला?”

“चोर नाही. डबा कुठे आहे ते कळलंय. मात्र तिथे गेल्यावर तुम्ही ओरडायचं नाही. कबूल?”

घड्याळजी काही विचारणार होते, पण डॉक्टरीणबाई रस्ता ओलांडून फुलांच्या दुकानाकडे निघाल्या होत्या, आणि दुकानात न जाता शेजारच्या जिन्यानं वर.

५

जिना संपतो तिथे फुलवाल्या बाईंची राहती खोली. दार लोटलेलं होतं. आतून पंख्याची घरघर येत होती.

डॉक्टरीणबाईंनी दार ढकललं.

पलंगावर धुतलेली चादर अंथरली होती आणि तिच्यावर ओळीनं, मेणकागद सोडवून, लाल घोड्याच्या वड्या निजवल्या होत्या. वर पंखा सोडलेला. खिडक्या सताड उघड्या. पलंगाच्या कडेला फुलवाल्या बाई पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालत होत्या. सगळी खोली अत्तराच्या दुकानासारखी घमघमत होती.

भावाला बघून त्यांच्या हातातला पुठ्ठा गळून पडला.

“दादा...”

घड्याळजींचं तोंड उघडं ते उघडंच.

“चॉकलेट शेजारचा वास ओढून घेतं,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. “दीड वर्ष या बिचाऱ्या वड्या गुलाबांत राहिल्या. तुम्ही एक खाऊन बघितलीत, हो ना?”

“परवा,” फुलवाल्या बाईंनी डोळे पुसले. “राहवलं नाही. म्हटलं, एवढ्यात एक खाल्ली तर दादाला काय कळतंय. तोंडात टाकली, तर काय! गुलाबाचा साबण खाल्ल्यासारखं! डब्याचं झाकण चेपलेलं आहे, ते नीट बसत नाही, हे माझ्या ध्यानातच नाही आलं. मग मी वासाची फुलं सगळी बाहेर काढली. तरी वास जाईना. म्हणून वर आणून पंख्याखाली ठेवल्या. वास उडाला तर गुपचूप पुन्हा खोलीत ठेवायच्या, म्हणून फुलं आत घेतली नाहीत. वास गेला का बघायला अधूनमधून एक खात होते.”

“बऱ्याच वेळा बघितलेलं दिसतंय,” डॉक्टरीणबाई ओळींमधल्या रिकाम्या जागा बघत म्हणाल्या.

“मला सांगायचं नाहीस, छोटे?” घड्याळजी म्हणाले.

“काय सांगू? दीड वर्षं तू दुसरं काही बोललास का रे? कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी दुकानात शीळ घालत होतास. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा ऐकली मी तुझी शीळ. मग उद्या भरल्या सभेत लोक तुला हसले असते. म्हणाले असते, हाच का तुमचा जुना घोडा? त्यापेक्षा चोरी झाली म्हटलेलं बरं. पण तू त्या भल्या माणसाला चोर ठरवशील असं नव्हतं वाटलं मला.”

घड्याळजी पलंगाच्या कडेवर बसले. मग त्यांनी एक वडी उचलली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं, आणि बहिणीकडे बघत चावली.

कडाड्!

खिडकीत बसलेलं कबुतर उडालं.

डॉक्टरीणबाईंनी एकदम टाळी वाजवली. “तेच! अहो, तेच ते!”

“काय तेच?”

“सकाळपासून मी सगळ्यांना विचारतेय, कसा लागायचा. चव कोणीच सांगितली नाही! भूगोलबाईंनी आवाज सांगितला. बेकरीवाल्यानं आवाज. साहेबांनी आवाज. तुम्ही माळ्यावरचे उंदीर. एकानंही गोड की खारट ते सांगितलं नाही. वास बिघडला तर बिघडू दे, आवाज शाबूत आहे ना!” त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “उठा. साहेबांची गाडी!”

६

स्टँडावर गाडी सुरू झाली होती. घड्याळजी तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, आणि वाहकाच्या शिव्या खात त्यांनी खिडकीतल्या साहेबांची सगळ्या प्रवाशांदेखत माफी मागितली. “चौकात म्हणालो होतो ना, म्हणून इथेही चारचौघांतच म्हणतो. चुकलो, साहेब. उतरा.”

साहेब उतरले. पेटी फुलवाल्या बाईंनी घेतली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी वाचनालयाचं सभागृह तुडुंब भरलं. डॉक्टरीणबाईंनी उभं राहून सगळं खरं खरं सांगितलं. वास लागलाय, चवीवर आता भरवसा नाही. फुलवाल्या बाई शरमेनं लाल झाल्या होत्या, पण कोणी हसलं नाही. उलट मागून कोणीतरी ओरडलं, “माझ्याकडे डबा असता तर एकही उरली नसती!”

“कंपनीची अट होती, डोळे मिटून ओळखायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जिभेनंच ओळखा असं काही ठरलेलं नाही. तेव्हा सभासदांनी डोळे मिटावेत आणि कान उघडावेत. चावायचं काम साहेब करतील. म्हणजे लबाडीचा संशय नको.”

साहेबांनी हसून मान डोलावली. माईक पुढे ओढला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात पहिली वडी दिली.

पच्.

“नवा!” सभासद एका आवाजात म्हणाले.

पुन्हा पच्. “नवा!”

तिसऱ्यांदा साहेबांनी वडी तोंडात धरली. थोडा वेळ नुसतीच दातांत धरून ठेवली. मग चावली, आणि ध्वनिक्षेपकातून असा काही कडाका उठला की पहिल्या रांगेतल्या बाईंची पर्स खाली पडली.

“घोडा!” सगळं सभागृह ओरडलं. सभासद, बिनसभासद, बेकरीवाला, सगळे. भूगोलबाई गालाला हात लावून बाकावर उभ्या राहिल्या होत्या. माईकमध्ये चावण्याचा आवाज चालूच होता. साहेब डोळे मिटून खात होते.

“साहेब, निकाल?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“थांबा. खात्री करायला आणखी एक लागेल,” साहेब म्हणाले. हशा ओसरल्यावर ते म्हणाले, “बागेत बसून खाल्ल्यासारखं वाटतंय. पण घोडा तोच. आमच्याकडे जुनं यंत्र अजून कोपऱ्यात झाकून ठेवलंय. मोडीत काढलेलं नाही. मी जाऊन आधी ते पुसतो.”

७

साहेबांनी शब्द पाळला. थंडी पडता पडता बेकरीत नवा माल आला. कागदावर घोड्याखाली लिहिलं होतं, ‘कडक’. शाळा सुटली आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. भूगोलबाईंना नव्या दाढेमुळे फक्त चोखायची परवानगी होती. त्यांनी ती पाळली की नाही हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही, कारण त्यांचंच तोंड भरलेलं होतं.

घड्याळजींनी दुकान लवकर बंद केलं आणि समोर जाऊन बहिणीच्या पायरीवर बसले. फुलवाल्या बाई हात पुसत येऊन शेजारी टेकल्या. दोघांनी एकदमच वडी तोंडात टाकली. रस्त्यावरून जाणारा एक माणूस दचकून मागे वळला.

“दादा, तीच आहे ना रे चव? अगदी तीच?”

घड्याळजी सावकाश चावत राहिले. दीड वर्ष ज्या चवीसाठी ते जगाशी भांडले होते, ती शोधत त्यांनी जीभ तोंडभर फिरवली.

“खरं सांगू, छोटे? मला नाही आठवत.” त्यांनी कागदातली उरलेली वडी तिच्यापुढे धरली. “पण ही झकास आहे. घे.”